लावणीच्या हंगामातील गरोदर माता

आषाढातील पहाट. बाहेर पावसाची झड लागलेली असते आणि वाडीवर अजून उजाडलेले नसते. घरातील गृहिणी उठते ती प्रथम गोठ्याकडे जाते. शेण काढणे, गुरांना वैरण घालणे, दूध काढणे एवढे होईपर्यंत फटफटते. मग चूल. ओली लाकडे पेट घेत नाहीत, घरभर धूर होतो; पेज रटरटू लागते, तोच अडीच वर्षांचे मूल उठून पदर धरते. त्याला एका कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने भाकऱ्या थापायच्या. म्हाताऱ्या सासूचा चहा, शेतावर न्यावयाची शिदोरी, मुलाचे तोंड धुणे, ही सर्व कामे उरकून आठाच्या सुमारास ती इरले किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन खाचराकडे निघते. तिला सहावा महिना आहे. मूल तिच्या कडेवर आहे. आणि दाढीतील तरवा आज बावीस दिवसांचा झाला आहे.

हे चित्र कोणा एकीचे नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्यात, लावणीच्या दिवसांत, बांधावर उभे राहून पाहणाऱ्यास ते दिसते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आढळल्या. राज्यातील सर्व जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याचे कारण नवे नाही. गिरण्यांच्या काळापासून येथील तरुण मुंबईस जातो आणि शेत घरच्या स्त्रीच्या हाती राहते. चाकरमानी गणपतीस येतो, शिमग्यास येतो. लावणीस मात्र क्वचितच येतो. नांगर धरण्यास शेजारचा दीर अथवा मजुरीचा गडी मिळतो, अलीकडे पॉवर टिलरही भाड्याने मिळतो. परंतु तरवा काढणे, मुठी बांधणे, लावणी आणि पुढे बेणणी ही कामे बायकांचीच मानली जातात.

शेतीचे वेळापत्रक आणि गर्भारपणाचे वेळापत्रक ही दोन्ही न थांबणारी आहेत, ही खरी अडचण. हळव्या जातीचा तरवा एकवीस ते पंचवीस दिवसांत लावला गेला तर फुटवे चांगले येतात. वय झालेला तरवा खाचरात गेल्यावर फुटवे कमी धरतो आणि उत्पन्न घटते. हे प्रत्येक शेतकरीण जाणते. त्यामुळे अंग जड झाले म्हणून लावणी आठ दिवस पुढे ढकलणे तिला परवडत नाही. आता पुढचा हिशेब पाहावा. आषाढात जिला सहावा महिना आहे तिचे दिवस भरतात ते आश्विनाच्या आसपास, म्हणजे नेमके हळवे भात कापणीला येते तेव्हा. वर्षातील सर्वांत कष्टाचे दोन हंगाम आणि गर्भारपणाचा उत्तरार्ध एकमेकांत असे अडकतात. शेतीचा आराखडा करताना बियाणे किती, खत किती, मजूर किती हे सर्व मांडले जाते; घरच्या मालकिणीचा कितवा महिना लावणीत येणार, हा रकाना मात्र कोणत्याच तक्त्यात नसतो.

वाकण्याचे काम

लावणी म्हणजे दिवसभर कमरेतून वाकून, पोटरीपर्यंत चिखलात, मागे मागे सरकत काम करणे. एका एकराच्या लावणीस साधारणपणे दहा-बारा बायांचा एक दिवस जातो. घरचे क्षेत्र पंधरा-वीस गुंठ्यांचेच असले तरी शेजारणींच्या शेतावर फेड करण्यास जावे लागते, कारण त्या आपल्या लावणीस आलेल्या असतात. म्हणून जमीन थोडी असली तरी वाकणे थोडे नसते.

गरोदर स्त्रीने काम करूच नये असे कोणी म्हणत नाही. हलके काम व चालणे प्रकृतीस चांगलेच. परंतु तासन्‌तास वाकणे, जड ओझी उचलणे आणि भुकेल्या पोटी राबणे यांची किंमत गर्भास मोजावी लागते. 1990 च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतकाम, पाणी आणणे, घरकाम यांची मोजदाद करण्यात आली. ज्यांच्या वाट्यास अधिक श्रम होते त्यांची बाळे जन्मतः लहान असल्याचे त्यात आढळले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू आशादायक होती: ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे अंगाने अधिक भरलेली निघाली. ती खेडी घाटावरची असली तरी हे निष्कर्ष कोकणासही लागू पडावेत, असेच येथील स्त्रीचे जीवन आहे. उलट येथे चढ-उतार अधिक आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून जास्त. एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. नळ पोहोचला नसेल वा आटला असेल, तर हंडा डोक्यावर घेऊन घाटी चढावी लागते. पंधरा लिटरांचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलोंहून अधिक वजन, आणि खेपा चार-पाच. गर्भारपणाचे पहिले महिने या उन्हाळ्यात जातात, हे विसरता येत नाही.

श्रम कोठे वाचतील?

या प्रश्नाचे उत्तर केवळ दवाखान्यात नाही. ते शेतातही आहे, आणि तेथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास पुष्कळ करता येते.

पहिली गोष्ट राबाची. फाल्गुन-चैत्रात डोंगरातून कवळ तोडून, त्याचे भारे डोक्यावरून आणून, पालापाचोळा व शेण पसरून दाढीची जागा भाजण्याची रीत अजून अनेक वाड्यांत आहे. भारे वाहण्याचे काम बायकांचे. राब न भाजता गादीवाफ्यावर रोपे तयार केली तर हे ओझे अजिबात टळते. एक हेक्टर लावणीसाठी दहा गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि बांधावर गिरिपुष्प लावलेले असेल तर त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडावा. रोपे निकोप निघतात, झाडेही वाचतात. कृषी विभाग गादीवाफ्याची शिफारस फार वर्षांपासून करीत आला आहे. ती करताना उगवण, तणे आणि खत यांचा उल्लेख होतो; बाईच्या डोक्यावरील भाऱ्याचा क्वचितच होतो. तो केला तर सासवादेखील गादीवाफ्यास मत देतील.

दुसरी गोष्ट, सर्व बियाणे एकाच दिवशी पेरू नये. वरकस व हलक्या जमिनीसाठी रत्नागिरी-1 किंवा रत्नागिरी-24 यांसारखी हळवी जात, पाणथळ खाचरासाठी निमगरवी वा गरवी जात, अशी वाटणी करून रोपवाटिका आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरली, तर सगळा तरवा एकाच आठवड्यात लावणीस येत नाही. पुढे कापणीचीही तशीच फोड होते. जिला आश्विनात बाळंत व्हायचे आहे तिच्या घरी हळव्या भाताचे क्षेत्र थोडे कमी ठेवून गरव्याचे वाढविले तर मुख्य कापणी पुढे सरकते. अर्थात जमीन आणि पाणी त्यास अनुकूल असले पाहिजे. चढावरच्या कोरड्या तुकड्यात गरवे भात लावून बसणे हा शहाणपणा नव्हे.

दोरीवर नियंत्रित अंतराने केलेल्या लावणीबद्दलही असेच सांगता येईल. 1950 च्या दशकात जपानी पद्धतीच्या भातशेतीचा मोठा प्रसार झाला, तेव्हा ओळीत लावणी करण्यास वेळ फार लागतो अशी बायकांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पुढे आलेल्या चारसूत्री पद्धतीत दोरीवर आलटून-पालटून 15 व 25 सेंटिमीटरांच्या खुणा करून लावणी करतात. सवय होईपर्यंत हात मंद चालतो. पण चूड मोजके लागतात, रोपे कमी लागतात म्हणून तरवा काढण्याचे श्रम कमी होतात, आणि ओळींतून कोळपे फिरविता येत असल्याने बेणणीचे वाकणे बरेच वाचते. बेणणी येते श्रावणात, जेव्हा तिला सातवा-आठवा महिना असतो. म्हणून लावणीच्या दिवशी लागलेला जादा तास श्रावणात फिटतो.

रायगड जिल्ह्यातील नेरळ येथील शेतकरी श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेले सगुणा राईस तंत्र तर लावणीच काढून टाकते. एकदा गादीवाफे करून ठेवावयाचे, साच्याने छिद्रे पाडून त्यांत बी टाकावयाचे. दाढ नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. मनुष्यबळ कमी असलेल्या घराने निदान पाच गुंठ्यांवर ते करून पाहावे. मात्र या पद्धतीत तणांचा बंदोबस्त तणनाशकावर बराच अवलंबून असतो. ते फवारणे, कालवणे किंवा फवारणीचे कपडे धुणे, यांपैकी कोणतेही काम गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीकडे देऊ नये. आंबा-काजूच्या बागेतील कीटकनाशकांना हाच नियम. कपडे धुणे हे काम कोणी फवारणीत मोजत नाही. म्हणूनच ते नेमके तिच्यावर येते.

मग तिने काय करावे? पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून पोकळ दाणे काढून टाकण्याचे काम बसून होते: दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, तळाशी बसलेले बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळविणे. त्यानंतरची बुरशीनाशकाची प्रक्रिया मात्र दुसऱ्याने करावी. लावणीत मुठी मोजून देणे, सर्वांचे जेवण रांधणे, मुले सांभाळणे ही कामे हलकी म्हणून कमी प्रतीची नव्हेत. वाडीतील बायांनी एवढे ठरविले की पोटुशीची फेड या कामांनी फिटली असे धरावे, तर कोणाचे फारसे बिघडत नाही.

पेजेच्या वाडग्यात काय आहे?

कोकणातील गृहिणी सर्वांना वाढून शेवटी जेवते. तिच्या वाट्यास पेज येते, भात येतो. कालवणाचे भांडे तोवर पुष्कळदा रिकामे झालेले असते. गरोदरपणात फार खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, अशीही एक समजूत आहे. ती निराधार आहे. गरोदर स्त्रीस रोजच्यापेक्षा सुमारे 350 कॅलरी अधिक लागतात, म्हणजे दीड-दोन भाकऱ्या आणि वाटीभर कुळथाची पिठी. अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत याहून अधिक, सुमारे 600 कॅलरी लागतात.

श्रमाचा हंगाम आणि अन्नटंचाईचा हंगाम एकच असतो, हे केवळ कोकणाचे दुःख नाही. आफ्रिकेतील गँबिया देशातही पावसाळा हा शेतीच्या कष्टाचा व अपुऱ्या अन्नाचा काळ. तेथील खेड्यांत गरोदर स्त्रियांना भुईमुगाचा पौष्टिक बिस्किटांच्या रूपाने रोज पूरक आहार देण्यात आला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टंचाईच्या ऋतूत जन्मलेल्या बाळांचे वजन त्यामुळे सरासरी 200 ग्रॅमनी वाढले. सुगीच्या दिवसांतील वाढ याच्या निम्मीच होती. म्हणजे खाऊ घालावयाचे ते नेमके लावणीच्या दिवसांत.

यासाठी काही विकत आणावे लागत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा तिसावा भागही नसतो. वरकस जमिनीवरील नाचणी मागे पडत चालली आहे, कारण तीही लावावी लागते आणि मजूर मिळत नाही. तरी घराजवळ चार-पाच गुंठे नाचणी राखली तर वर्षभराच्या भाकरीस व आंबिलीस हातभार लागतो. बांधावर पेरलेली तूर, रब्बीतील कुळीथ आणि कडवे वाल, वैशाखात भरून ठेवलेला सुका जवळा ही कोकणची डाळ-उसळ आणि दूध-दुभते होय. अंगावर सूज वा रक्तदाब असेल तर खारी मासळी डॉक्टरांना विचारून खावी. शेवग्याचा पाला गोकुळाष्टमीच्या दिवशी आवर्जून खाल्ला जातो. झाड दारात वर्षभर उभे असते, पण पुष्कळ घरी पुढच्या अष्टमीपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाही. ही भाजी आठवड्यातून दोनदा होण्यास हरकत कसली?

रक्ताचे प्रमाण हा वेगळा विषय आहे. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग समजतात. 7 च्या खाली गेले तर ती धोक्याची अवस्था होय. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे 180 दिवस व बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस घ्यावयाच्या असतात, आणि त्या मोफत मिळतात. शौचास काळी होते म्हणून बायका त्या टाकून देतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, जेवणानंतर तासाभराने लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी व लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये.

चिखलातील ताप

लावणीच्या काळात कोकणात येणारा प्रत्येक ताप पावसात भिजल्याचा नसतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या भेगांतून वा जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. अशा वेळी वाडीत वाटलेल्या प्रतिबंधक गोळ्या गरोदर स्त्रीने आपण होऊन घेऊ नयेत. आपण गरोदर आहोत हे प्रथम सांगावे, म्हणजे तिला योग्य ते औषध दिले जाईल. अनवाणी चालण्याने अंकुशकृमी होतात आणि ते रक्त शोषतात, हेही पंडुरोगाचे एक कारण. पायांस भेगा वा जखम असेल तर चिखलात उतरूच नये.

बांधावरचे मूल

आईबरोबर शेतावर आलेले मूल दिवसभर काय करते? थोडा वेळ झोळीत झोपते, थोडा वेळ इरल्याखाली बसते, मग उठून पाण्याकडे जाते. खाचराशेजारून पऱ्या वाहत असतो, बांधाच्या बिळात जनावर असते. आईचे अर्धे लक्ष रोपांत आणि अर्धे मुलात. दर घटकेस ती चिखलातून वर येते, त्याला उचलते, पुन्हा उतरते. सहाव्या महिन्यात बारा किलोंचे मूल दिवसातून वीस वेळा उचलणे हे लावणीइतकेच कष्टाचे काम आहे.

अंगणवाडी असते, पण ती काही तासांची. लावणीचा दिवस सकाळी आठापासून सायंकाळी सहापर्यंतचा. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एका स्त्रीस नेमावे व तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली होती. रस्त्याच्या कामास जे न्याय्य ठरले ते भाताच्या खाचरास अन्याय्य कसे ठरेल? बचत गटाने तीन आठवड्यांपुरते पाळणाघर देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत चालवावे. दोन वयस्क स्त्रिया, उकळून गार केलेले पाणी, दुपारची खिचडी, चार चटया, आणि पऱ्याकडील बाजूस बांबूचा आडोसा एवढे साहित्य पुरे. ज्या घरची मुले तेथे राहतील त्यांनी लावणीच्या मजुरीतील थोडा भाग द्यावा. सांभाळणाऱ्या स्त्रीस मोबदला मिळालाच पाहिजे. फुकटचे काम चौथ्या दिवशी बंद पडते.

हक्क आणि नोंद

मुंबई प्रांतात गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देणारा कायदा 1929 साली झाला. त्या विधेयकास 1928 च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. पुढे 1961 साली देशभरासाठी कायदा झाला, 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. परंतु स्वतःच्या खाचरात राबणाऱ्या स्त्रीस रजा कोण देणार? तिचा मालक म्हणजे पाऊस. तिच्यासाठी 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातृत्व लाभाचा हक्क मान्य केला आणि 2017 पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये मिळू लागले. 2022 पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6000 रुपयांची तरतूद झाली. ही रक्कम लावणीचे दोन-तीन गडी लावण्यास उपयोगी पडू शकते. ती हातात वेळेवर यावयाची तर बाराव्या आठवड्यापूर्वी नोंद झाली पाहिजे, आणि आधार व बँकखाते स्वतः तिच्या नावचे पाहिजे.

2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. आषाढ-श्रावणात ही तारीख लावणीत हटकून चुकते. त्या दिवशी तिच्या शेतावर दुसरीने उभे राहावे, हे आदल्या सायंकाळी ठरवून टाकावे. तोंडावर व हातांवर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे यांपैकी काहीही झाले तर 9 तारखेची वाट पाहू नये; 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पावसाळ्यात साकव बुडणाऱ्या वाडीतील स्त्रीने दिवस भरण्यापूर्वी आठ-दहा दिवस रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे जाऊन राहणे बरे. पहिलटकरीण माहेरी जाते. दुसऱ्या खेपेस मात्र ती सासरीच असते, घर आणि गुरे सोडून जावयाचे कसे या विवंचनेत. हा प्रश्न घरातील मोठ्या माणसांनी आधीच सोडवावयाचा आहे.

वैशाखात खरीपपूर्व सभा भरतात. बियाणे व खतांची मागणी नोंदविताना कृषी सहायकाने आशा व अंगणवाडी सेविकेस शेजारी बसवून घ्यावे. लावणीत किती जणींना पाचवा महिना उलटलेला असेल आणि कापणीत किती जणींचे दिवस भरतील, याची मोजणी वाडीवार करण्यास अर्धा तास पुरतो. त्यावरून रोपवाटिकेच्या पेरणीचे टप्पे, पॉवर टिलरची पाळी आणि पाळणाघराची जागा ठरविता येते. मुंबईतील मंडळाच्या सभासदांनाही ही यादी कळवावी. गणपतीची रजा दोन भागांत घेऊन त्यांतील चार दिवस लावणीस देणारे काही जण निघतील. त्यांच्यासाठी दाढीजवळ एक जादा इरले टांगून ठेवावे.